स्टॅक्स २: तुटलेल्या जंगलातल्या पक्ष्यांची विविधता मोजायला किती भरवशाचे?

स्टॅक्स हे रॅड सीक्वेन्सिंगचा (एन्झाइमने डीएनए ठरावीक जागी कापून त्या जागांलगतचेच तुकडे वाचण्याच्या पद्धतीचा) डेटा हाताळणारे मोफत सॉफ्टवेअर. कच्च्या रीड्समधून (यंत्राने वाचलेल्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांमधून) लोकस, म्हणजे जीनोमवरच्या ठरावीक जागा, जुळवणे, प्रत्येक पक्ष्याचा जीनोटाइप (त्या जागी त्याच्याकडे कोणती दोन रूपे आहेत ते) ठरवणे आणि शेवटी समूहांची विविधता व त्यांच्यातला फरक मोजणे ही सगळी साखळी एकाच ठिकाणी मिळते. पहिला शोधनिबंध २०११ चा. आतून जवळजवळ नव्याने बांधलेल्या दुसऱ्या आवृत्तीचा निबंध २०१९ चा. सध्या इलिनॉय विद्यापीठातला ज्युलियन कॅचन यांचा गट ते सांभाळतो. हे परीक्षण एकाच वापरापुरते आहे: अधिवास बदलला, जंगलाचे तुकडे झाले, तर उष्ण कटिबंधातल्या पक्ष्यांची जनुकीय विविधता किती घटली हे या साधनाने सांगता येते का?

निकाल आधीच सांगतो. लोकस जुळवण्यात आणि जीनोटाइप ठरवण्यात स्टॅक्स २ पक्के आहे. विविधतेचे आकडेही ते बरोबर काढते. फक्त एकाच गोष्टीचे तीन-चार आकडे शेजारीशेजारी ठेवते आणि कोणता उचलायचा ते तुमच्यावर सोडते. या विषयात ती मोकळीक महागात पडते, कारण शोधायचा परिणाम मुळात लहान असतो.

किती लहान, याचा हिशेब आधी करून ठेवावा. परिणामकारक संख्या, म्हणजे एनई (पुढच्या पिढीला जनुके देणाऱ्या पक्ष्यांची हिशेबी संख्या), ५० असलेल्या एकाकी तुकड्यात दर पिढीला हेटेरोझायगॉसिटीचा (पक्ष्याच्या दोन प्रती एकमेकींहून वेगळ्या असण्याच्या प्रमाणाचा) १/१०० भाग जातो. १० पिढ्यांनी सुमारे ९.६ टक्के घट. जंगल ३० वर्षांपूर्वी तुटले असेल आणि पक्ष्याची पिढी ३ वर्षांची धरली, तर तुमच्या हातात एवढाच फरक आहे. एनई १० पर्यंत घसरली असेल तरच त्याच १० पिढ्यांत ४० टक्के जातात. म्हणजे बहुतेक खऱ्या परिस्थितीत आपण दहा टक्क्यांच्या आसपासचा फरक शोधतोय, आणि चुकीचा फिल्टर (कोणते लोकस ठेवायचे, कोणते गाळायचे याची अट) एका फटक्यात त्याहून मोठा फरक तयार करतो किंवा पुसून टाकतो. पुढचे सगळे मुद्दे या एका गोष्टीभोवती फिरतात.

इन्स्टॉल करणे आणि चालवणे

लिनक्स किंवा मॅकवर चालते. विंडोजवर थेट नाही, आत लिनक्सचा थर बसवावा लागतो. बायोकोंडातून घेतले तर एका ओळीत काम होते. सोर्समधून बांधायचे तर कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल हा नेहमीचा क्रम. पहिल्या आवृत्तीत वेब इंटरफेससाठी डेटाबेस लागायचा, तो दुसऱ्या आवृत्तीत गेला, हे बरेच झाले. बटणे नाहीत, सगळे कमांड लाइनवर. मॅन्युअल मात्र या क्षेत्रातल्या चांगल्या मॅन्युअलांपैकी एक आहे, आणि प्रत्येक टप्पा लॉग फाइल ठेवतो. चालवलेली कमांड आणि आवृत्ती त्या लॉगमध्ये असते, तो पुसू नये.

पहिली अडखळण बहुधा पॉपमॅप फाइलवर, म्हणजे कोणता नमुना कोणत्या समूहातला ते सांगणाऱ्या यादीवर होते. तिच्यात दोन रकाने असतात, नमुन्याचे नाव आणि समूहाचे नाव, मध्ये टॅब. टॅबऐवजी स्पेस पडली, विंडोजमध्ये फाइल जतन करताना ओळीच्या शेवटी अदृश्य चिन्ह चिकटले, किंवा नाव रीड्सच्या फाइलशी अक्षरन् अक्षर जुळले नाही, की प्रोग्राम थांबतो. या फाइलमधली खरी चूक मात्र तांत्रिक नसतेच. पुष्कळजण दुसऱ्या रकान्यात ‘सलग जंगल’ आणि ‘तुकडे’ असे दोनच समूह लिहितात. हे करू नये. वेगवेगळ्या तुकड्यांत लोकसची वेगवेगळी रूपे, म्हणजे अ‍ॅलील्स टिकून राहतात. सगळे तुकडे एका पोत्यात भरले की एकत्रित विविधता सलग जंगलाइतकी, क्वचित जास्तही दिसते. जोडीला एफआयएस (हेटेरोझायगोट अपेक्षेहून किती कमी आहेत याचे माप) धन येतो आणि लोक त्याला अंतःप्रजनन समजतात. प्रत्येक तुकडा स्वतंत्र समूह म्हणून लिहावा. गट दाखवायचे असतील तर त्यासाठी तिसरा रकाना आहे.

रक्तापासून रीडपर्यंत

सॉफ्टवेअरच्या परीक्षणात रक्ताचे काय काम, असे वाटेल. पण स्टॅक्सवर येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचे मूळ लायब्ररीत, म्हणजे यंत्रात घालण्यासाठी तयार केलेल्या डीएनए-तुकड्यांच्या मिश्रणात असते. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते, त्यामुळे रक्त फार लागत नाही. पंखाच्या शिरेतून २० ते ५० मायक्रोलिटर घेतले तरी भरपूर. शरीराच्या वजनाच्या एक टक्का ही वरची मर्यादा मानली जाते, म्हणजे २० ग्रॅमच्या पक्ष्याला सुमारे २०० मायक्रोलिटर, आणि तितके घेण्याची गरज कधीच पडत नाही. कॉलमवर डीएनए काढताना ५ ते १० मायक्रोलिटर रक्त पुरे. सस्तन प्राण्यांच्या सवयीने १०० टाकले की कॉलम चोंदतो आणि डीएनए घाण मिळतो.

डीएनए अखंड हवा. जेलवर वरच्या बाजूला एक घट्ट पट्टा दिसावा, खालपर्यंत ओघळलेली शेपटी नको. दोन एन्झाइम्सच्या रॅड पद्धतीत तुकड्याची दोन्ही टोके कापाच्या जागी असावी लागतात. मधेच तुटलेले रेणू वाया जातात आणि त्या नमुन्याचे कव्हरेज (एका जागेमागे मिळालेल्या रीड्सची संख्या) पडते. पिसाच्या मुळातून किंवा संग्रहालयातल्या जुन्या कातडीच्या तळपायातून काढलेला डीएनए या पद्धतीला बहुधा चालत नाही.

कव्हरेज पडल्याचा विविधतेवर काय परिणाम होतो, ते साध्या गणिताने दिसते. हेटेरोझायगस जागी ४ रीड्स असतील, तर चारही एकाच अ‍ॅलीलच्या निघण्याची शक्यता १२.५ टक्के. १० रीड्स असतील तर ०.२ टक्के. दुर्गम तुकड्यातले नमुने उन्हात जास्त वेळ राहिले, त्यांचा डीएनए तुटला, रीड्स कमी आल्या, की तोच तुकडा विविधतेत गरीब दिसू लागतो. जीस्टॅक्स या जीनोटाइप ठरवणाऱ्या प्रोग्रामचे बायेशियन मॉडेल शंकास्पद जागी जीनोटाइप देतच नाही. त्यामुळे चूक बऱ्याच अंशी गाळलेल्या जागांच्या रूपात उघडी पडते. हा या सॉफ्टवेअरचा मोठा गुण. जीस्टॅक्सच्या लॉगसोबत वितरणांची वेगळी फाइल येते, तिच्यात प्रत्येक नमुन्याचे परिणामकारक कव्हरेज दिलेले असते. विविधतेचा आकडा बघण्याआधी ते समूहवार मांडून बघावे. एका समूहाची सरासरी २५ आणि दुसऱ्याची ८ असेल, तर तुलना तिथेच थांबवावी.

तितकाच महत्त्वाचा लायब्ररीचा आराखडा. सलग जंगलातले सगळे पक्षी एका लायब्ररीत आणि तुकड्यांतले दुसरीत, असे केले तर खेळ संपला. जेलमधून तुकड्यांचा आकार निवडताना ३०० ते ४०० बेसऐवजी ३२० ते ४२० अशी खिडकी सरकली तरी काही लोकस एका लायब्ररीत येतात, दुसरीत येत नाहीत. हा फरक नंतर कोणत्याही फिल्टरने पूर्ण निघत नाही. प्रत्येक लायब्ररीत प्रत्येक ठिकाणचे थोडे थोडे नमुने मिसळावेत, आणि दोन-तीन पक्षी दोन्ही लायब्ररींत पुन्हा टाकावेत. एकाच पक्ष्याचे दोन जीनोटाइप किती जुळतात, यावरून चुकीचा दर थेट कळतो.

प्रोसेस रॅडटॅग्ज हा पहिला प्रोग्राम बारकोडप्रमाणे (प्रत्येक नमुन्याला जोडलेल्या ओळखीच्या छोट्या डीएनए-खुणेप्रमाणे) रीड्स वेगळ्या करतो, कापाची जागा तपासतो आणि खराब रीड्स फेकतो. यात सांगण्यासारखे फार नाही. जवळजवळ सगळ्या रीड्स ‘कापाची जागा सापडली नाही’ म्हणून गेल्या, तर एन्झाइमचे नाव किंवा बारकोडचा प्रकार चुकीचा दिला आहे. डेटा बहुधा ठीक असतो.

एक पर्याय मात्र जपून वापरावा: पीसीआरच्या नकला काढण्याचा. एक एन्झाइम वापरून डीएनए यदृच्छेने तोडला असेल आणि रीड्स जोडीने घेतल्या असतील, तरच त्याला अर्थ आहे. दोन एन्झाइम्सच्या पद्धतीत एका लोकसचे सगळे तुकडे एकाच लांबीचे असतात. तिथे हा पर्याय लावला की खऱ्या रीड्सही नकला समजून जवळजवळ सगळ्या उडतात. अशा लायब्ररीत पीसीआरची आवर्तने कमी ठेवणे एवढाच उपाय.

कॅपिटल एम किती ठेवायचा

रेफरन्स जीनोम (त्या किंवा जवळच्या जातीचा आधीच जुळवलेला पूर्ण जीनोम) नसेल तर यूस्टॅक्स एका पक्ष्याच्या रीड्समधून लोकस जुळवते. दोन रीड-थप्प्यांमध्ये किती अक्षरांचा फरक खपवून घ्यायचा, ते कॅपिटल एम सांगतो. सीस्टॅक्स पक्ष्यापक्ष्यांतले लोकस एका कॅटलॉगमध्ये आणते, तिथला स्मॉल एन साधारण एमइतकाच ठेवतात. स्मॉल एम, म्हणजे थप्पी मानायला लागणाऱ्या रीड्सची किमान संख्या, ३ वर सोडून द्यावा.

एम फार कमी ठेवला तर एकाच लोकसची दोन दूरची अ‍ॅलील्स दोन वेगळे लोकस म्हणून मोजली जातात आणि हेटेरोझायगॉसिटी पडते. ती सगळ्यांची सारखी पडत नाही. ज्या समूहात विविधता जास्त, तिथे दूरची अ‍ॅलील्स जास्त, म्हणून त्याचेच नुकसान जास्त. म्हणजे कंजूष एम सलग जंगलाला तुकड्याच्या पातळीवर खाली ओढतो, आणि ‘फरक आढळला नाही’ असा निष्कर्ष निघतो. उलट एम फार सैल ठेवला तर जीनोममधल्या दोन वेगळ्या पण सारख्या दिसणाऱ्या जागा एकत्र होतात आणि खोटे हेटेरोझायगोट तयार होतात. पक्ष्यांचा जीनोम आटोपशीर, पुनरावृत्त भाग कमी, त्यामुळे दुसरा धोका मासे किंवा वनस्पतींइतका नाही. तरी अर्ध्याहून जास्त पक्षी हेटेरोझायगस दाखवणारे लोकस कमाल हेटेरोझायगॉसिटीच्या फिल्टरने काढून टाकावेत.

योग्य एम शोधायची रीत ठरलेली आहे. सर्व ठिकाणांहून मिळून चांगल्या कव्हरेजचे १०–१५ पक्षी निवडावेत. एम १ पासून ८ पर्यंत वाढवत जावे, एन तितकाच ठेवावा. प्रत्येक वेळी ८० टक्के पक्ष्यांत सापडणारे आणि ज्यांत फरक आहे असे लोकस किती, ते मोजावे. आकडा आधी झपाट्याने वाढतो, मग सपाट होतो. सपाटी सुरू होते तो एम घ्यावा. रीड्स लांब असतील तर एम थोडा वर सरकतो, कारण लांब तुकड्यात फरकाला जागा जास्त. दुसऱ्या कुठल्या पक्ष्याच्या निबंधातला एम उचलून वापरण्यात अर्थ नाही.

रेफरन्स जीनोम जवळचा असेल तर हा सगळा खटाटोप वाचतो. २०२० मध्ये ३६३ पक्ष्यांचे जीनोम एकत्र प्रसिद्ध झाले आणि ९२ टक्के कुळांतला निदान एक पक्षी त्यात आहे. त्यामुळे उष्ण कटिबंधातल्या अनेक दुर्लक्षित कुळांनाही आधार मिळाला. पण ‘त्याच कुळातला’ म्हणजे ‘जवळचा’ असे नाही. रेफरन्स दूरचा असेल तर त्याच्याशी न जुळणारी अ‍ॅलील्स असलेल्या रीड्स बसतच नाहीत, आणि पुन्हा विविधता कमी दिसते. शक्य असेल तर दोन्ही मार्गांनी चालवून समूहांचा क्रम तोच राहतो का ते बघावे. क्रम बदलला तर निष्कर्ष कच्चा आहे.

पॉप्युलेशन्स: इथेच सगळे जिंकते किंवा हरते

शेवटचा प्रोग्राम पॉप्युलेशन्स. याच्या सारांश फाइलमध्ये एकाखाली एक दोन तक्ते येतात. वरच्यात फक्त बदलणाऱ्या जागांवरचे आकडे, खालच्यात बदलणाऱ्या आणि न बदलणाऱ्या सर्व जागांवरचे. त्यातला विविधतेचा मुख्य आकडा पाय (π, म्हणजे समूहातल्या कोणत्याही दोन प्रतींत एका जागी फरक असण्याची सरासरी शक्यता). वरच्यातला पाय ०.२ सारखा, खालच्यातला ०.००२ सारखा. वरचा डोळ्यांना भरतो, म्हणून निबंधांत सर्रास तोच दिसतो. अधिवास-बदलाच्या प्रश्नाला खालचा तक्ता लागतो.

कारण एका कल्पित उदाहरणात बघा. १,००,००० जागा वाचल्या, त्यांपैकी १,००० जागी चार समूह मिळून काही ना काही फरक आहे. ‘अ’ समूहाची त्या जागांवरची पायची बेरीज २००. वरच्या तक्त्यात ‘अ’चा पाय ०.२०, खालच्यात ०.००२०. आता दूरच्या डोंगरावरचा पाचवा समूह जोडला. त्याच्यामुळे आणखी १,००० जागा बदलणाऱ्या ठरल्या, पण ‘अ’मध्ये त्या सगळ्या एकाच अक्षरावर स्थिर आहेत. वरच्या तक्त्यात ‘अ’चा पाय झाला २०० भागिले २,०००, म्हणजे ०.१०. ‘अ’मधला एकही पक्षी बदलला नाही आणि विविधता निम्मी झाली! खालच्या तक्त्यात तो ०.००२० वरच राहतो. दोन अभ्यासांतले, दोन जातींतले किंवा दोन काळांतले आकडे शेजारी ठेवायचे असतील तर वरचा तक्ता निरुपयोगी आहे. सॉफ्टवेअर दोन्ही तक्ते देते हे कौतुकाचे, पण कोणता कशासाठी याची एक ओळ तिथेच छापली असती तर पुष्कळ निबंध सुधारले असते.

दुसरा सापळा विरळ अ‍ॅलील्सचा. अधिवास तुटल्यावर सगळ्यात आधी जातात ती हीच. १ टक्का वारंवारतेचे एक अ‍ॅलील घ्या. तुकड्यात २५ पक्षी उरले, म्हणजे ५० प्रती. ते अ‍ॅलील त्या ५० प्रतींत अजिबात नसण्याची शक्यता सुमारे ६० टक्के. त्याच प्रसंगात हेटेरोझायगॉसिटी घटते फक्त २ टक्क्यांनी. म्हणजे ताज्या आघाताची खूण विरळ अ‍ॅलील्समध्ये असते. आणि लोक सवयीने काय करतात? किमान वारंवारता ५ टक्के असा फिल्टर लावतात आणि ती खूण स्वतःच्या हाताने पुसतात. समूहांची रचना बघायची असेल, स्ट्रक्चर किंवा अ‍ॅडमिक्स्चर चालवायचे असेल, तर एकदाच दिसणारी अ‍ॅलील्स काढणे योग्य, तिथे ती गोंधळ घालतात. विविधतेसाठी, अ‍ॅलील संख्येसाठी किंवा लोकसंख्येचा इतिहास काढण्यासाठी हा फिल्टर बंद ठेवावा. म्हणून पॉप्युलेशन्स कमीत कमी दोनदा चालवायचे: एकदा विविधतेसाठी, एकदा रचनेसाठी. एका लोकसवर एकच स्निप (एका अक्षराचा फरक) ठेवण्याचा पर्यायही रचनेच्या फेरीतच. तो चालू असताना आलेला पाय वापरू नये.

तिसरी गोष्ट गाळलेल्या जागांची. कॅपिटल आर ०.८ म्हणजे लोकस ८० टक्के पक्ष्यांत हवा. हा समंजस आकडा आहे. त्याला ०.९५ वर नेले की डेटा ‘स्वच्छ’ दिसतो, पण गळतात ते बहुतांशी वेगाने बदलणारे लोकस, कारण त्यांच्या कापाच्या जागीही बदल होतो आणि अ‍ॅलील वाचलेच जात नाही. उरतात ते संथ लोकस, आणि सगळे समूह सारखे दिसू लागतात. ०.५, ०.८ आणि ०.९५ अशा तिन्हींवर चालवून निष्कर्ष टिकतो का ते बघायला अर्धा तास लागतो. तो द्यावा.

खासगी अ‍ॅलील्सचा रकाना, म्हणजे फक्त त्याच समूहात सापडणाऱ्या रूपांची संख्या, मोहात पाडतो. ‘या तुकड्यात ४१२ खासगी अ‍ॅलील्स’ असे वाक्य अहवालात छान दिसते. पण हा आकडा नमुन्यांच्या संख्येबरोबर वाढतो आणि स्टॅक्स त्याची बरोबरी करून देत नाही. एका ठिकाणी ३० पक्षी आणि दुसऱ्या ठिकाणी १२ असतील, तर आधी रेअरफॅक्शन (सगळीकडे सारखे नमुने धरून केलेला हिशेब) करावे, नाहीतर प्रत्येक ठिकाणचे १२ यदृच्छ पक्षी निवडून पुन्हा चालवावे. पायला हा त्रास जवळजवळ नाही. हजारो लोकस असताना समूहामागे ८–१० पक्ष्यांतही तो स्थिर येतो.

झेड गुणसूत्र आणि नातेवाईक

पक्ष्यांत लिंग ठरवणारी गुणसूत्रे मादीत झेडडब्ल्यू आणि नरात झेडझेड. मादीकडे झेडची एकच प्रत, त्यामुळे झेडवरच्या प्रत्येक लोकसवर ती होमोझायगस (दोन्ही प्रती सारख्या असलेली) दिसते. स्टॅक्सला तुमच्या पक्ष्याचे लिंग माहीत नाही. जाळ्यात एका ठिकाणी माद्या जास्त सापडल्या आणि दुसऱ्या ठिकाणी नर, तर हेटेरोझायगॉसिटीत खोटा फरक येतो. उष्ण कटिबंधातल्या कित्येक जंगलपक्ष्यांत नर-मादी दिसायला सारखेच, म्हणून सीएचडी जनुकावरची पीसीआर चाचणी करून लिंग ठरवावे लागते. रेफरन्स जीनोम असेल तर झेड आणि डब्ल्यू सरळ वगळावेत. नसेल तर नरांत हेटेरोझायगस पण एकाही मादीत नाही, असे लोकस शोधून त्यांची काळी यादी पॉप्युलेशन्सला द्यावी. पाच मिनिटांचे काम, आणि तरी पुष्कळ ठिकाणी राहून जाते.

नातेवाईकांचा प्रश्न जातीच्या स्वभावावर अवलंबून आहे. सातभाईंसारखे पक्षी टोळीने राहतात आणि टोळीत सख्खी भावंडे असतात. एका जाळ्यात एका सकाळी सात पक्षी मिळाले, ते एकाच कुटुंबातले असले तर तो तुकडा बाकीच्यांहून फार वेगळा दिसेल. एफएसटी (समूहांमधल्या जनुकीय फरकाचे माप) वाढेल, स्ट्रक्चरमध्ये त्याचा स्वतंत्र रंग येईल, आणि कारण अधिवास नसेल, जाळे लावायची जागा असेल. स्टॅक्स नाते तपासत नाही. व्हीसीएफ (जीनोटाइपची फाइल) बाहेर काढून किंग या नाते मोजणाऱ्या पद्धतीने जोड्या तपासाव्यात आणि रचनेच्या विश्लेषणात सख्ख्या भावंडांपैकी एकच ठेवावे. खरोखर लहान तुकड्यात सगळेच एकमेकांचे नातेवाईक असू शकतात, तिथे डोळे झाकून छाटणी केली तर परिणामच छाटला जातो. हा निर्णय मैदानावर टोळ्यांची नोंद ठेवलेल्या माणसाने घ्यावा.

आकडा आला, पण दोष कोणाचा

एफएसटी मोठा आला म्हणजे जंगलतोडीने तुकडे वेगळे पडले, असे होत नाही. पश्चिम घाटातल्या शोला जंगलांतले (उंच डोंगरांवरच्या सदाहरित पट्ट्यांतले) पक्षी याचे उत्तम उदाहरण. पालघाटच्या खिंडीच्या दोन्ही बाजूंचे समूह फार पूर्वीपासून वेगळे आहेत, आणि हे पक्षी बाकीच्या नातलगांहूनही इतके वेगळे की २०१७ मध्ये त्यांच्यासाठी शोलिकोला आणि मॉन्टेसिंक्ला अशी दोन नवी प्रजातीनावे (जीनसची नावे) द्यावी लागली. व्ही. व्ही. रॉबिन, उमा रामकृष्णन आणि सहकाऱ्यांच्या कामातून दिसले की दऱ्या जितक्या खोल आणि रुंद, तितक्या जास्त जाती त्यांनी विभागल्या आहेत. हा फरक चहाच्या मळ्यांच्या कितीतरी आधीचा. तिथे खिंडीपलीकडचा एक समूह आणि अलीकडचा एक घेऊन एफएसटी काढला आणि वृक्षतोडीच्या खात्यात टाकला, तर तो शुद्ध गैरसमज. एकाच डोंगररांगेतले, खिंड मध्ये न येणारे सलग आणि तुटके पट्टे निवडूनच तुलना करायला हवी. स्टॅक्स हे सुचवणार नाही, सुचवायची त्याची जबाबदारीही नाही.

उलट दिशेने, काही जातींना अगदी लहान अंतरही पुरते. पनामातल्या गाटुन तलावावर बोटीतून जंगलपक्षी सोडून त्यांची उडण्याची क्षमता तपासली गेली. २००८ च्या त्या निबंधात काही जातींना १०० मीटर उघडे पाणीही पार करता आले नाही. केनियाच्या टायटा टेकड्यांत सात जातींची तुलना झाली, तिथेही तुकड्यांमधल्या जनुकीय फरकाचे चित्र जातीच्या फिरण्याच्या सवयीप्रमाणे बदलले. म्हणून एकाच जातीवर स्टॅक्स चालवून ‘या जंगलातल्या पक्ष्यांचे’ असे लिहू नये. जमिनीलगत राहणारी एक, मधल्या थरातली एक आणि फळांमागे दूर फिरणारी एक, अशा निदान तीन जाती घ्याव्यात. एकाच प्रयोगशाळेत, एकाच एन्झाइमने. एम मात्र प्रत्येक जातीचा वेगळा शोधावा.

आणि ‘आधी किती होती’ हे आजच्या रक्तातून कळत नाही. सेशेल्समधल्या कझिन बेटावर नारळाच्या लागवडीसाठी मूळ झाडी गेली आणि सेशेल्स वटवट्या १९६० च्या दशकात ३० हून कमी उरला. १९६८ मध्ये बेट संरक्षणासाठी विकत घेतले गेले, मूळ झाडी परत आली, पक्षी काही शेकड्यांवर पोहोचले. गेलेली अ‍ॅलील्स काही परत आली नाहीत, आणि ते कळले संग्रहालयातल्या जुन्या नमुन्यांशी तुलना केल्यावर. मॉरिशस केस्ट्रल (एक छोटा शिकारी पक्षी) १९७४ मध्ये निसर्गात फक्त ४ उरला होता. २००० च्या अभ्यासात जुन्या कातड्यांशी ताडून बघितल्यावर निम्म्याहून जास्त विविधता गेल्याचे दिसले. दोन्ही कामे मायक्रोसॅटेलाइट्सवरची (डीएनएतल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांवरची). स्टॅक्सच्या साखळीत असा काळाचा आरसा बसत नाही, कारण जुन्या कातड्यातला तुटका डीएनए रॅडला चालत नाही. जुने आणि नवे दोन्ही नमुने घ्यायचे असतील तर टार्गेट कॅप्चर (डीएनएचे निवडक भाग पकडून वाचणे) किंवा कमी खोलीचे पूर्ण जीनोम, आणि नंतर जीनोटाइपऐवजी शक्यता वापरणारे अँग्सडी हे सॉफ्टवेअर, हा मार्ग सरळ.

अंतःप्रजननाच्या खुणा, म्हणजे होमोझायगस भागांच्या लांब पट्ट्या, शोधायच्या असतील तरीही रॅड अपुरे पडते. हजारो लोकस असले तरी जीनोमवर त्यांच्यात मोठी मोकळी अंतरे असतात, आणि पट्टी कुठे सुरू झाली, कुठे संपली ते नेमके सांगता येत नाही. घातक उत्परिवर्तनांचा भार मोजायचा असेल तर पूर्ण जीनोमच हवा.

एनईसाठी स्टॅक्समधून जीनपॉप फाइल काढून लिंकेज पद्धत (वेगवेगळ्या लोकसांवरची रूपे किती वेळा एकत्र येतात यावरून एनई काढणारी) वापरता येते. इथे पक्ष्यांची गुणसूत्रे कामी येतात. बहुतेक पक्ष्यांत सुमारे ४० जोड्या, बऱ्याचशा अगदी लहान, त्यामुळे यदृच्छ दोन लोकस एकाच गुणसूत्रावर पडण्याची शक्यता कमी. तरीही शून्य नाही. एकाच गुणसूत्रावरच्या जोड्या मोजल्या गेल्या की एनई खऱ्याहून कमी येते, आणि संकटातला पक्षी आहे त्याहून जास्त संकटात दिसतो. रेफरन्स असेल तर फक्त वेगवेगळ्या गुणसूत्रांवरच्या जोड्या घ्याव्यात, नसेल तर गुणसूत्रसंख्येप्रमाणे दुरुस्ती लावावी. नमुने समूहामागे ३० च्या खाली गेले तर एनईच्या अंदाजाची वरची मर्यादा अनंत येऊ शकते. तो सॉफ्टवेअरचा बिघाड समजून पुन्हापुन्हा चालवत बसण्यापेक्षा पुढच्या हंगामात आणखी जाळी लावावीत.